तांबूस पडलेली पाच चाकं: एका गाडीच्या व्हील दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

यावल तालुक्यातले एक केळी उत्पादक. त्यांना इथे नाना म्हणू. त्यांनी वसई भागातून एक जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडी मेकॅनिकला दाखवून घेतलेली, इंजिन चांगलं, बॉडीला मार नाही. चारही चाकं कंपनीचीच, १५ इंची मॅग व्हील, डायमंड कट फिनिशची. म्हणजे समोरचा भाग लेथवर कातून चकचकीत केलेला आणि खाचांमध्ये गडद करडा रंग. डिकीतली स्टेपनी मात्र साध्या पत्र्याच्या, म्हणजे स्टीलच्या रिमची.

गाडीनं एक पावसाळा खानदेशात काढला आणि चाकं तांबूस दिसायला लागली. पुढची दोन जास्त, मागची कमी. घरच्यांना ते डोळ्यांत खुपायचं. नानांनी आधी एका पंक्चरवाल्याला दाखवलं. त्यानं एका नजरेत सांगितलं, “हाई तं सडी गयं भो, फेकी दे.” मग मागचं डावं चाक त्यांनी एका वॉशिंग सेंटरवर साफ करून घेतलं. ते त्या दिवशी चांदीसारखं निघालं आणि पंधरवड्यात काळपट, खरबरीत झालं.

भुसावळला आमच्या टायर-अलाइनमेंटच्या दुकानात नाना आले ते दिसण्याची तक्रार घेऊन नव्हे. दोन चाकांची हवा उतरत होती. ३३ भरली की आठवड्याभरात २५ वर. टायरमध्ये खिळा नाही, व्हॉल्व्ह नवा, तरी हवा टिकत नव्हती. चाकांच्या रंगाचा विषय त्यांनी जाता जाता काढला. आम्हाला मात्र दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असावं असं वाटलं.

अडचण नेमकी काय होती

मॅग व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. त्याला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही. त्याची झीज पांढरी असते, चुन्याच्या भुकटीसारखी. मग हा तांबूस रंग आला कुठून? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठलीही बाटली उघडायची नाही, हे आम्ही ठरवलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी याच निर्णयाला मानतो. डाग सारखे दिसतात म्हणून औषधही एकच लावलं जातं, आणि ते औषध बहुतेक वेळा ॲसिड असतं.

तपासणी

चाकं उतरवली, सावलीत साध्या शाम्पूनं धुतली. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं. चारही मॅगला चुंबक धरलं नाही, स्टेपनीला खटकन चिकटलं. गाडीबरोबर आलेली चाकं खरंच ॲल्युमिनियमची आहेत याची खात्री एवढ्यात होते.

पुढच्या दोन चाकांचं कोडं ब्रेककडे पाहिलं की सुटलं. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. डिस्क बिडाची असते. ब्रेक दाबला की ती आणि पॅड दोन्ही झिजतात आणि लोखंडाचे बारीक तप्त कण चाकावर उडतात. ते चाकावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे लॅकरमध्ये, रुततात आणि ओलावा मिळाला की तिथेच गंजतात. ड्रममध्ये ही भुकटी बरीचशी आतच राहते, म्हणून मागची चाकं कमी रंगलेली. तेव्हा पुढच्या चाकांवरचा गंज होता खराच, पण चाकाचा नव्हे, ब्रेकचा.

लोखंडाचे कण विरघळवणारं एक वेगळं द्रावण मिळतं. ते आम्ही एका आरीवर मारलं. मिनिटभरात पारदर्शक थेंब जांभळे झाले आणि जांभळटसर ओघळ खाली उतरले. वास मात्र सडक्या अंड्यासारखा, दुकानाच्या दारातच काम करावं लागलं. हे द्रावण चाकावर वाळू द्यायचं नसतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हातलं चाक हाताला चटका देतं, तिथे ते दोन मिनिटंही ओलं राहत नाही. म्हणून हे काम ऊन वर यायच्या आत, थंड चाकावर केलं.

तांबूसपणा गेला आणि त्याच्याखालचं दुखणं दिसलं. कडेजवळ लॅकरच्या आत पांढऱ्या धाग्यांसारख्या नागमोडी रेषा पसरल्या होत्या. डायमंड कट चाकावर कातलेल्या उघड्या धातूवर थेट पारदर्शक लॅकर असतं, मध्ये प्रायमर नसतो. एखादा खडा लागून लॅकरला टवका उडाला की तिथून ओलावा आणि क्षार आत शिरतात आणि धातू लॅकरच्या खालून पोखरत जातात. गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात राहिलेली. सुरुवात तिकडेच झाली असणार, इथल्या पावसाळ्यानं ती पुढे नेली.

टायर काढल्यावर हवेचंही कारण समोर आलं. रिमच्या ज्या गादीवर टायरची आतली कड, म्हणजे बीड, बसते, तिथे पुढच्या डाव्या आणि मागच्या डाव्या चाकाला पांढरे, खडबडीत पापुद्रे होते. ट्यूबलेस टायरची सगळी हवा त्या बोटभर पट्टीवर अवलंबून असते. रबर आणि धातूमध्ये केसाएवढी फट राहिली तरी हवा झिरपते.

आणखी एक डाग सांगण्यासारखा आहे. पुढच्या उजव्या चाकाच्या कडेला बॅलन्सिंगचं लोखंडी क्लिपचं वजन ठोकलेलं होतं. त्याच्या खालून तपकिरी ओघळ, आणि क्लिप उपटल्यावर धातूत नखाएवढा खड्डा. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम आधी झिजतं. मॅग व्हीलला आतून चिकटवायची वजनं लावतात ती यासाठीच.

मागच्या डाव्या चाकाचं निदान सरळ होतं. त्याला ॲसिड लागलं होतं. ॲल्युमिनियम ॲसिडमध्येही विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही. संडास-फरशीचं ॲसिड मारलं की घाण जाते, पण उडालेल्या टवक्यांतून आणि रेषांमधून ते धातूलाही खातं. पहिल्या दिवशीची चमक म्हणजे नुकताच सोललेला धातू असतो, तो टिकत नाही.

स्टेपनीची कथा वेगळी. तिच्यावरचा गंज मात्र अस्सल, लोखंडाचा. स्टेपनीच्या खोबणीत पांढरट-गुलाबी खडे सापडले. नानांनी हाताला लागताच ओळखले, “हे तर पोटॅश!” केळीला पालाश भरपूर लागतं, आणि ट्रॅक्टर अडकला असला की एखादी गोणी गाडीच्या डिकीतून शेतावर जाते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचंच भावंड. फाटक्या गोणीतून सांडलेलं पोटॅश, वर पावसाळ्याची ओल, खाली झाकून ठेवलेली पत्र्याची रिम. समुद्रापासून इतक्या लांब, तापीच्या काठावर, डिकीतच खारी हवा तयार झाली होती.

राहिलं मागचं उजवं चाक. दिसायला चारांत सगळ्यात बरं. पण बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं तेव्हा आतली कड हलताना दिसली. खड्ड्यात आपटून ती थोडी वाकली होती.

पर्याय आणि त्यांचा विचार

चारही नवी चाकं घ्यावीत हा पहिला विचार. बाजारातली स्वस्त मॅग पाहिली. त्यातल्या काहींवर वजन पेलण्याची क्षमता कोरलेलीच नव्हती. अशी चाकं गाडीला लावायला मी तयार नव्हतो. कंपनीची नवी घ्यायची तर खर्च नानांच्या तयारीच्या बाहेर.

घासून वरून स्प्रेचा डबा मारणं सगळ्यात स्वस्त. पण लॅकरखाली पसरलेली झीज तशीच ठेवून वर रंग दिला तर ती वर्षभरात पुन्हा उठते, आणि बीडच्या जागेचा प्रश्न सुटतच नाही.

पुन्हा डायमंड कट करायचं म्हटलं तर सीएनसी लेथवरचं काम. जवळपास ते करणारं कुणी आम्हाला मिळालं नाही, नाशिक किंवा पुण्याला पाठवावं लागलं असतं. शिवाय दरवेळी धातूचा थोडा थर जातो, म्हणून हे मोजक्या वेळाच करता येतं. आणि शेवटी उघड्या धातूवर पुन्हा पारदर्शक लॅकरच येणार, म्हणजे जिथून दुखणं सुरू झालं तीच रचना. नानांच्या गाडीचा रस्ता शेतातून जातो, टवके उडणारच.

म्हणून चौथा पर्याय धरला: सगळा जुना थर काढून पूर्ण चाकाला एकरंगी पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी मारून भट्टीत भाजलेला थर. चकाकी जाणार होती. नाना थोडे नाराज झाले. “मग ते मॅगसारखं दिसायचं नाही ना, भाऊ?” मी म्हटलं, “दिसेल नाना, पण नव्यासारखं झगझगीत नाही दिसणार. टिकेल मात्र.” त्यांनी रात्रभर विचार करून होकार दिला.

काय केलं

जुना रंग काढायला रंग सोलणारं जेल वापरलं. कॉस्टिकच्या हौदात चाक बुडवून रंग काढणारे असतात, तो मार्ग ॲल्युमिनियमला चालत नाही.

रंग उतरल्यावर मागच्या उजव्या चाकाच्या वाकलेल्या कडेवर भेग शोधणारा लाल डाय मारला, पुसला, वरून पांढरा डेव्हलपर मारला. काही मिनिटांत पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. कडेपासून आत, बोटाच्या दोन पेरांएवढी. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

नाना म्हणाले, “आर्गननं भरून घेऊ ना. एका चाकासाठी कुठं फिरत बसायचं?” आर्गन वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आपल्याकडे आहेत आणि टाका ते सुबक घालतात, यात शंका नाही. प्रश्न टाक्याच्या शेजारच्या धातूचा आहे. असं ओतीव चाक कारखान्यात साधारण ५४० अंशांवर तापवून पाण्यात थंड करतात, मग १५०-१६० अंशांवर काही तास ठेवतात. ताकद त्या प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आचेनं टाक्याभोवतीची ताकद उतरते आणि ती दुकानात परत आणता येत नाही. पुढचा खड्डा त्याच जागेवर बसला की भेग टाक्याच्या शेजारून निघते. नानांची सून रोज हीच गाडी घेऊन हायवेनं जळगावला जाते. मी त्यांना सांगितलं, की या चाकाला मी रंगही देणार नाही आणि टायरही चढवणार नाही. दुसरीकडे करून घ्यायची त्यांना मोकळीक होती. त्यांनी चाक बाजूला ठेवलं.

जळगावात अपघातात निकाली निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं एक कंपनीचं चाक मिळालं. मागच्या बाजूला कोरलेला ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा), रुंदी, नटांची मांडणी ताडून पाहिली. मशीनवर फिरवलं, त्यालाही डाय मारला. स्वच्छ निघालं.

पावडर कोटिंगसाठी जळगाव एमआयडीसीतलं एक युनिट ठरवलं. त्यांचं रोजचं काम म्हणजे लोखंडी कपाटं आणि पॅनल. कामाला चोख. पण आमची चाकं पाहताच कामगारानं ती सवयीनं हुकाला लावून टाकीकडे न्यायला घेतली. पत्र्यासाठी तिथे सात टाक्यांची पद्धत असते: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेट वगैरे. तेल काढायची टाकी अल्कलीची, गंज काढायची ॲसिडची. पत्र्याला दोन्ही लागतात, ॲल्युमिनियमला दोन्ही खातात. आम्ही सोबत गेलो होतो म्हणून चाकं टाकीपर्यंत पोचली नाहीत. शेठनीही लगेच ऐकलं. त्यांच्याकडे मॅग क्वचितच येतात.

टाक्यांऐवजी बारीक ॲल्युमिनियम ऑक्साईडनं हलकं ब्लास्टिंग केलं. पत्र्याला वापरतात ते लोखंडी दाणे इथे नको म्हटलं, कारण लोखंडाचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि पुढे पावडरखालून गंजतात. म्हणजे पुन्हा तांबूस ठिपके. ब्लास्टिंगनंतर सॉल्व्हंटनं पुसून, हातमोज्यांशिवाय न हाताळता, त्याच दिवशी पावडर.

झाकायच्या जागा आम्ही स्वतः झाकल्या: नट बसतात ते तिरके खड्डे, हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा मागचा सपाट भाग, मधलं भोक. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. तो नटाखाली राहिला तर ब्रेकच्या उष्णतेनं आणि दाबानं हळूहळू दबतो, आणि घट्ट आवळलेला नट आपोआप ढिला होतो. चाक नवं दिसावं म्हणून भोकांतही रंग भरून घेणारी गिऱ्हाइकं येतात. तिथे मी कधीच तडजोड करत नाही.

भट्टीचं तापमान हा शेवटचा मुद्दा. ओतीव धातूत सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यातली हवा तापल्यावर पावडरमधून बुडबुडे काढते. म्हणून चाकं आधी कोरडीच तापवून घेतली, मग उन्हात टिकणारी पॉलिएस्टर पावडर. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढरी पडते, खानदेशात तिचा उपयोग नाही. धातू १८० अंशांवर पोचल्यापासून १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. लोखंडी मालासाठी भट्टी २०० च्या वर आणि जास्त वेळ चालते, पण तिथे धातूच्या ताकदीचा प्रश्न नसतो. इथे होता.

स्टेपनीचं काम तुलनेनं सोपं. वायर ब्रशनं सुटा गंज काढला, खड्ड्यांची खोली पाहिली, नटांच्या भोकांभोवती आणि वेल्डच्या शिवणीवर धातू शाबूत होता. फॉस्फोरिकचं गंज-रोधक, मग इपॉक्सी प्रायमर, वर काळा रंग. डिकीची खोबणी आधी कोरडी झाडून पोटॅश बाहेर काढलं, मग भरपूर पाण्यानं धुतली.

बसवताना हबवरचा गंज ब्रशनं काढला. चाक चिकटून बसू नये म्हणून हबच्या मधल्या कंगोऱ्याला ग्रीस अगदी पुसट लावलं, नटांना आणि बोल्टांच्या आट्यांना नाही. टॉर्क पान्यानं गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला नट आवळले आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासायला बोलावलं. वजनं चिकटवायची लावली.

निकाल

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर गाडी तपासली. हवा चारही चाकांत टिकलेली होती, महिन्याला एक-दोन पौंड उतरते तेवढंच. फेरतपासणीत नट सरकले नव्हते. पुढच्या चाकांवर ब्रेकची भुकटी अर्थातच पुन्हा बसते, ती शाम्पू आणि मऊ ब्रशनं निघते. पांढरे धागे कुठेही नाहीत. एका आरीवर खड्याचा टवका उडाला होता, तिथे टच-अप केलं.

खर्च कंपनीच्या दोन नव्या चाकांच्या किमतीपेक्षा कमी आला. त्यात जुन्या चाकाची खरेदी धरली आहे.

एक उणीव राहिली. पुढच्या डाव्या चाकावर व्हॉल्व्हजवळ सुईच्या टोकाएवढी चार-दोन छिद्रं आहेत. कोरडं तापवणं त्या चाकाला कमी पडलं असावं.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

ॲल्युमिनियमवर पावडरखाली जो खास रासायनिक थर देतात, तो इथे दिला गेला नाही, कारण त्या युनिटमध्ये त्याची सोय नव्हती. दमट, खाऱ्या हवेतल्या गाडीसाठी मी तो थर आग्रहानं मागेन आणि त्यासाठी काम लांब पाठवावं लागलं तरी पाठवीन. यावलच्या गाडीसाठी त्याशिवाय चालेल असं ठरवलं. हा निर्णय बरोबर होता की नाही, ते आणखी दोन-तीन पावसाळ्यांनंतरच बोलता येईल.

भेगेची तपासणी आणखी आधी शक्य होती का, यावर आमच्यात चर्चा झाली. रंगावरून डाय मारून उपयोग नसतो. पण मशीनवर कड हलली त्याच दिवशी तेवढाच भाग सोलून पाहता आला असता. तसं केलं तर मालकाला खर्चाचा पूर्ण अंदाज पहिल्याच भेटीत देता येतो, आणि सगळं काम सोडून द्यायचं असेल तर तोही निर्णय त्याला वेळेत घेता येतो. आता आमच्याकडे वाकलेल्या कडेचं चाक आलं की हीच पायरी पहिली असते.

ॲसिड लागलेलं चाक यावेळी वाचलं, कारण झीज वरवरची होती. नटांच्या खड्ड्यांत ॲसिड साचून धातू खरवडला गेला असता तर तेही बाद करावं लागलं असतं. म्हणून असं चाक आलं की सगळ्यात आधी नटांचे खड्डे बघावेत.

व्हॉल्व्हजवळची छिद्रं असलेलं चाक पुन्हा भट्टीत घालायचं का, हा विषय नानांपुढे ठेवला. दुसऱ्यांदा सोलणं आणि दुसऱ्यांदा तापवणं टाळलेलं बरं, असं माझं मत मी सांगितलं. त्यांनी ते मानलं. दर चार-सहा महिन्यांनी टायर फिरवायला गाडी येते तेव्हा आम्ही ती जागा बघतो आणि पोटॅशची गोणी आता डिकीत प्लास्टिकचा कागद अंथरूनच चढते.